टेंडरच्या निकालाला आव्हान देताना पैसे कुठे अडकतात? नागपुरातल्या नव्या ठेकेदारांसाठी

‘टेक्निकलमध्येच उडवलं. आता तक्रार करायची तर बाँड किती भरावा लागतो?’ नागपुरात नव्याने टेंडर भरू लागलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. टेक्निकल म्हणजे टेंडरची तांत्रिक छाननी, आणि बाँड म्हणजे तक्रार करताना हमी म्हणून ठेवायची रक्कम. विचारणारे कोणी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केलेले असतात, कोणी मजूर सहकारी संस्थेचे काम बघतात, तर कोणी वडिलांचा ठेकेदारीचा धंदा नुकताच हातात घेतलेला असतो. तक्रार करावी की गप्प बसावे हे ठरवायला त्यांच्याकडे जेमतेम दोन-तीन दिवस असतात. त्या दोन-तीन दिवसांत उपयोगी पडेल एवढे सगळे इथे क्रमाने मांडतो.

आधी प्रश्नाचे सरळ उत्तर. टेंडरच्या निर्णयाविरुद्ध तक्रार करणाऱ्याने अमुक टक्के बाँड भरलाच पाहिजे, असा सरसकट कायदा महाराष्ट्रात नाही. इंटरनेटवर शोधले की जी माहिती समोर येते ती बहुतेक अमेरिकेची असते. तिथल्या फ्लोरिडा राज्यात सरकारी खात्याच्या कंत्राटाच्या निर्णयाला औपचारिक आव्हान देताना कंत्राटाच्या अंदाजित रकमेच्या १ टक्का बाँड द्यावा लागतो. आव्हान देणारा हरला, तर त्याच्यावर बसलेला खर्च त्या बाँडमधून वसूल होतो. मात्र त्याच देशात केंद्र सरकारच्या कंत्राटाबद्दल तिथल्या महालेखा कार्यालयाकडे दाद मागायची असेल तर बाँड लागत नाही. तिथे मुदत मात्र कडक आहे. कारण कळल्यापासून साधारण १० दिवसांत तक्रार करायची आणि कार्यालयाने १०० दिवसांत निकाल द्यायचा.

आपल्याकडे काही राज्यांनी सरकारी खरेदीसाठी स्वतंत्र कायदे केले आहेत. तमिळनाडूचा १९९८ चा आहे, कर्नाटकाचा १९९९ चा आणि राजस्थानचा २०१२ चा. तिन्हींत अपिलाची सोय आहे. राजस्थानात पहिल्या अपिलाला २,५०० रुपये आणि दुसऱ्या अपिलाला १०,००० रुपये शुल्क नियमांतच लिहिलेले आहे. केंद्राचे २०१२ चे सरकारी खरेदी विधेयक मंजूर न होताच २०१४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. महाराष्ट्रात असा स्वतंत्र कायदा नाही. आपल्याकडे शासन निर्णय, खात्याच्या नियमपुस्तिका आणि त्या-त्या टेंडरची कागदपत्रे यांवर सगळे चालते.

कायद्यात बाँड नाही, म्हणून पैसे अडकतच नाहीत असे समजू नका. बयाणा रकमेत, म्हणजे टेंडरसोबत भरायच्या अनामत रकमेत, ते अडकतात, टेंडरमध्येच लिहिलेल्या तक्रार शुल्कात अडकतात, कोर्टाने मागितलेल्या जामीन रकमेत अडकतात, आणि शेवटी हरलात तर विरुद्ध बाजूच्या खर्चातही जातात. हे सगळे कुठेही एका जागी लिहिलेले नसल्यामुळे नवा माणूस एक तर घाबरून हक्क सोडतो, नाही तर हिशेब न करताच कोर्टात धाव घेतो.

पायरी १. टेंडर भरण्याआधी तक्रारीचे कलम शोधा

महाटेंडर्स या राज्याच्या टेंडर पोर्टलवरून टेंडर डाउनलोड केले की सगळ्यांची नजर आधी अंदाजपत्रकीय रक्कम, बयाणा आणि पात्रतेच्या अटींवर जाते. त्यासोबत आणखी तीन गोष्टी शोधा. निर्णयावर हरकत घेण्याची मुदत किती आहे? ती कोणाकडे घ्यायची? आणि तिच्यासोबत काही रक्कम भरायची आहे का? काही टेंडरमध्ये तक्रार अर्जासोबत ठरावीक शुल्क मागतात. काहींमध्ये तक्रार खोटी किंवा खोडसाळ ठरली तर बयाणा जप्त करण्याची किंवा काळ्या यादीत टाकण्याची तरतूद असते. ही कलमे बहुधा शेवटच्या पानांवर, ‘इतर अटी’ या सदरात असतात. तुम्ही टेंडर भरले याचा अर्थ तुम्ही त्या अटी मान्य केल्या.

एखादी अटच चुकीची वाटत असेल, कोणा एकाच्या मापाने शिवलेली वाटत असेल, तर ते बोलायची जागा प्री-बिड बैठक, म्हणजे टेंडर भरण्याआधी खात्याने घेतलेली शंकानिरसनाची बैठक, आहे. लेखी प्रश्न पाठवा, कॉरिजेंडमची (टेंडरच्या शुद्धिपत्रकाची) वाट बघा, आणि उत्तर पटले नाही तर टेंडर भरण्याआधीच दाद मागा. अट मान्य करून स्पर्धेत उतरायचे आणि हरल्यावर तीच अट बेकायदा म्हणायची, हे कोर्ट सहसा ऐकून घेत नाही. नव्या ठेकेदारांची सर्वांत मोठी हानी इथे होते असे माझे ठाम मत आहे. प्री-बिडला जायला त्यांना संकोच वाटतो, ‘साहेब नाराज होतील’ अशी भीती वाटते. प्रश्न नम्रपणे आणि कलमाचा क्रमांक देऊन विचारला की त्यात कोणाचा अपमान होत नाही.

पायरी २. बयाणा आणि बँक गॅरंटी बिनचूक करा

तक्रार करायची वेळ आली तर तुमची स्वतःची बोली निर्दोष असली पाहिजे. ती तशी नसेल तर दुसऱ्याच्या बोलीतले दोष दाखवून फारसा उपयोग होत नाही.

केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम १७० मध्ये, बयाणा रक्कम अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के सांगितली आहे. तिची वैधता बोलीच्या वैधतेपेक्षा ४५ दिवस जास्त असावी असेही त्यात म्हटले आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉइल, रेल्वे, मिहानमधले एम्स अशा केंद्राच्या संस्थांच्या टेंडरमध्ये याच चौकटीतल्या अटी दिसतात. सार्वजनिक बांधकाम विभाग, महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास, जिल्हा परिषद किंवा विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या टेंडरमध्ये मात्र राज्याचे नियम आणि त्या टेंडरची अट बघायची.

बयाणा रोख न भरता बँक गॅरंटी, म्हणजे बँकेची लेखी हमी, द्यायची असेल तर बँकेने दिलेला मसुदा घेऊन टेबलावर बसा आणि टेंडरमधल्या नमुन्याशी ओळ न् ओळ पडताळा. बघण्यासारख्या जागा अशा: गॅरंटी कोणाच्या नावे आहे? कार्यकारी अभियंत्याच्या पदनामाने मागितली असेल तर विभागाचे नुसते नाव चालत नाही. रक्कम अंकी आणि अक्षरी सारखी आहे का? वैधतेची तारीख आणि दावा करण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी असतात, दोन्ही टेंडरशी जुळतात का? ‘मागणी होताच, कोणतीही हरकत न घेता’ या अर्थाचे वाक्य जसेच्या तसे आहे का? कारण बँका आपल्या नेहमीच्या छापील मसुद्यात ते कधीकधी सौम्य करून टाकतात. टेंडरमध्ये मागितले असेल तर बँकेकडून एसएफएमएस संदेश (गॅरंटी खरी असल्याचा बँका-बँकांमधला इलेक्ट्रॉनिक संदेश) खात्याच्या बँकेला गेला का? तो गेल्याची प्रत हातात घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.

एवढे बारकाईने का सांगतो? सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. १९९१ च्या पोद्दार स्टील प्रकरणात बयाणा रोख किंवा स्टेट बँकेच्या ड्राफ्टने द्यायचा होता. ठेकेदाराने युनियन बँकेचा, रकमेची हमी असलेला चेक दिला. न्यायालयाने ती अट दुय्यम मानली आणि बोली स्वीकारणे योग्य ठरवले. पुढे २०१६ च्या सेंट्रल कोलफिल्ड्स प्रकरणात बँक गॅरंटी ठरवून दिलेल्या नमुन्यात नव्हती. कंपनीने बोली नाकारली, आणि ते नाकारणे न्यायालयाने कायम ठेवले. खात्याने एखादी अट अत्यावश्यक मानली असेल तर ती तशी मानण्याचा अधिकार त्याला आहे, असा आजचा कल आहे. ‘पैसे तर दिले ना, नमुना वेगळा असला म्हणून काय झाले’ या युक्तिवादावर आज विसंबू नका.

बँक गॅरंटीसाठी नव्या खातेदाराकडून बँक बहुधा मोठे मार्जिन मागते, म्हणजे तेवढी मुदत ठेव अडकते. याला पर्याय म्हणून २०२२ पासून विमा कंपन्यांचा शुअरिटी बाँड, म्हणजे बँकेऐवजी विमा कंपनीने दिलेली हमी, आला आहे. केंद्राने तो बयाण्यासाठी मान्य केला, आणि अशा पहिल्या बाँडचे उद्घाटन आपले नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्या हस्ते डिसेंबर २०२२ मध्ये झाले. टेंडरमध्ये तो स्वीकारतो असे लिहिले असेल तरच वापरा.

उद्यम नोंदणीवर (सूक्ष्म, लघु उद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीवर) बयाण्यातून सूट मिळते हे खरे आहे, पण ती केंद्राच्या २०१२ च्या सूक्ष्म व लघु उद्योग खरेदी धोरणातली सूट आहे आणि मुख्यतः वस्तू व सेवांसाठी आहे. बांधकामाच्या ठेक्यात ती आपोआप मिळेल असे धरून शून्य बयाण्याने टेंडर भरू नका.

पायरी ३. निकाल दिसला त्याच दिवशी

पोर्टलवर तांत्रिक छाननीचा निकाल चढला की ई-मेल येतो. त्याची वाट न बघता रोज लॉगिन करून बघत जा. नाव नाकारलेल्यांत दिसले तर त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. छाननीचा सारांश डाउनलोड करा. तुम्ही अपलोड केलेल्या सगळ्या फाइली जशाच्या तशा एका फोल्डरमध्ये वेगळ्या ठेवा, त्यांची नावेही बदलू नका. बोली सादर केल्याची पावती छापून घ्या.

जेम या केंद्र सरकारच्या खरेदी पोर्टलवरची खरेदी असेल तर आणखी घाई करा. तिथे तांत्रिक निकालावर हरकत घ्यायची खिडकी तासांच्या हिशेबाने बंद होते, आणि ती पोर्टलवरूनच घ्यावी लागते.

आर्थिक लिफाफा, म्हणजे दरांची बोली, उघडण्याआधीचा काळ सगळ्यांत मोलाचा असतो. दर उघड झाले की खाते म्हणते, आता एल-वन (सर्वांत कमी दराचा बोलीदार) ठरला, सरकारचे पैसे वाचत आहेत. वर्क ऑर्डर निघाली की मामला आणखी अवघड होतो, आणि जागेवर जेसीबी उभा राहिला की कोर्टही हात आखडते. महापालिकेच्या कामात प्रस्ताव स्थायी समितीपुढे जाण्याआधी तुमचा अर्ज आयुक्तांच्या कार्यालयात पोचलेला असावा.

पायरी ४. लेखी निवेदन

हे निवेदन दोन पानांच्या वर नको. रागाचा एकही शब्द नको, ‘साटेलोटे’ नको, कोणाच्या नातेवाइकाचा उल्लेख नको. पुरावा नसलेला आरोप केला की मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि खोडसाळ तक्रारीचे कलम तुमच्यावरच उलटते. नमुना असा:

‘मा. कार्यकारी अभियंता साहेब, टेंडर आयडी अमुक या कामात आमची निविदा “उलाढालीचे प्रमाणपत्र विहित नमुन्यात नाही” या कारणाने तांत्रिक छाननीत अपात्र ठरवण्यात आली आहे. निविदा पुस्तिकेतील कलम ४.२ मध्ये सनदी लेखापालाचे यूडीआयएन क्रमांकासह प्रमाणपत्र मागितले आहे. ते आमच्या लिफाफा क्र. १ मध्ये पान ३७ वर आहे. पुस्तिकेत याहून वेगळा नमुना दिलेला नाही. तरी आर्थिक लिफाफा उघडण्यापूर्वी फेरतपासणी व्हावी आणि अपात्रतेची कारणे लेखी मिळावीत, ही विनंती.’

बस, एवढेच. कलम, पान, मागणी. (यूडीआयएन म्हणजे सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रावरचा स्वतंत्र ओळख क्रमांक.) सोबत ते पान ३७ आणि पोर्टलवरची पावती जोडा. पुस्तिकेत तक्रार शुल्क सांगितले असेल तर ते भरल्याची पावतीही इथेच लावा, कारण शुल्काअभावी अर्ज बाजूला ठेवला गेला तर मुदत निघून जाते.

हे पत्र ई-मेलने तर पाठवाच, शिवाय सिव्हिल लाइन्समधल्या त्या कार्यालयात स्वतः जाऊन आवक-जावक टेबलावर द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील’ असे सांगितले गेले तर शांतपणे थांबा आणि क्रमांक घेऊनच निघा. पुढे कोर्टात ‘आम्हाला तक्रार मिळालीच नाही’ असे उत्तर आले, तर तुमच्या हातात असलेला तो निळा शिक्काच कामाला येतो. एक प्रत अधीक्षक अभियंत्यांना आणि एक मुख्य अभियंत्यांना द्या.

केंद्राच्या संस्थेचे टेंडर असेल तर निवेदनात त्याच सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम १७३ चा आधार घ्या. बोलीदाराला अटींवर, प्रक्रियेवर किंवा बोली नाकारण्यावर प्रश्न विचारता यावा अशी सोय टेंडरमध्ये ठेवावी आणि विचारणा झाल्यास नाकारण्याची कारणे सांगावीत, असे त्यात आहे. केंद्राच्या खरेदी नियमपुस्तिकांनुसार ही हरकत फक्त प्रत्यक्ष सहभागी झालेला आणि थेट फटका बसलेला बोलीदार घेऊ शकतो. खरेदीची गरज होती की नाही, पद्धत कोणती निवडली, एल-वनशी वाटाघाटी का केली, असल्या निर्णयांवर ती चालत नाही. कोळसा किंवा खाण कंपनीच्या मोठ्या टेंडरमध्ये सचोटी करार, म्हणजे लाच किंवा गैरप्रकार करणार नाही असा खाते आणि बोलीदार यांच्यातला करार, असतो. तो असेल तर स्वतंत्र बाह्य निरीक्षकांकडे तक्रार करता येते, त्यांची नावे टेंडरमध्येच दिलेली असतात आणि त्यासाठी बाँड लागत नाही. हा मार्ग फार कमी लोक वापरतात. वापरायला हवा.

माहिती अधिकाराचा अर्जही त्याच दिवशी टाकून ठेवा. १० रुपये लागतात. उत्तराला ३० दिवस असल्याने तातडीच्या लढाईत तो फारसा कामाला येत नाही, पण तुलनात्मक तक्ता आणि छाननी समितीची टिपणी पुढे त्यातूनच मिळते.

पायरी ५. कोर्टात जाण्याआधी आकडेमोड

निवेदनाला उत्तर नाही किंवा नकार आला, तर पुढचा दरवाजा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करायची. दिवाणी दाव्यात सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, रिट याचिकेला ती लागत नाही. याचिकेची कोर्ट फी किरकोळ असते. खरा खर्च वकिलांचा, आणि त्याहून मोठा खर्च पुढे सांगतो त्या जामीन रकमेचा.

आधी स्वतःला विचारा, प्रकरणात दम आहे का? २००७ च्या जगदीश मंडल निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रश्न घालून दिले आहेत. निर्णय दुष्ट हेतूने, कोणाला झुकते माप देण्यासाठी, किंवा कोणताही समंजस अधिकारी घेणार नाही इतका मनमानी आहे का? आणि त्यामुळे सार्वजनिक हिताला बाधा येते का? दोन्हींची उत्तरे नकारार्थी असतील तर कोर्ट हस्तक्षेप करत नाही. ‘मला जास्त अनुभव आहे’ हा मुद्दा या चाळणीतून खाली पडतो. ‘ज्या कागदाच्या उणिवेसाठी मला बाद केले, तीच उणीव एल-वनला माफ केली’ हा मुद्दा टिकतो. २०२४ च्या बन्शीधर कन्स्ट्रक्शन प्रकरणात भारत कोकिंग कोलचा निर्णय अशाच असमान वागणुकीवर रद्द झाला.

आपल्या शहरातले उदाहरण प्रत्येक ठेकेदाराने लक्षात ठेवावे असे आहे. नागपूर मेट्रोच्या उन्नत स्थानकांच्या टेंडरमध्ये एका संयुक्त कंपनीचा अनुभव चीनमधल्या हायस्पीड रेल्वेच्या कामाचा होता. तो मेट्रोच्या बांधकामाचा अनुभव धरायचा की नाही, यावर वाद झाला. मेट्रो कंपनीने तो धरला नाही. नागपूर खंडपीठाने त्या कंपनीच्या बाजूने निर्णय दिला, आणि १५ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. टेंडरची कागदपत्रे ज्याने लिहिली त्यालाच त्यांचा अर्थ सर्वांत चांगला कळतो, आणि तो अर्थ दुष्ट हेतूचा किंवा विपरीत नसेल तर कोर्टाने स्वतःचा अर्थ त्यावर लादू नये, असे तिथे ठरले. अफकॉन्स विरुद्ध नागपूर मेट्रो म्हणून तो देशभर उद्धृत होतो. तुमचे प्रकरण नुसत्या शब्दाच्या अर्थावर उभे असेल, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हा निकाल पुढे करील.

आता आकडे. समजा काम २ कोटींचे आहे, बयाणा २ लाख, आणि सगळे सुरळीत झाले तर हातात १६ लाख राहतील असा तुमचा अंदाज. तो बयाणा वाद संपेपर्यंत अडकू शकतो. वकिलांची फी त्यांच्याकडून आधीच लेखी घ्या, अंतरिम सुनावणीपर्यंत किती आणि अंतिम निकालापर्यंत किती, हे वेगवेगळे. कोर्टाने जामीन मागितला तर किती उभा करू शकता, तो आकडा घरात बसून ठरवा. या तिन्हींची बेरीज १६ लाखांच्या जवळ जाऊ लागली तर फक्त निवेदन आणि माहिती अधिकारावर थांबण्यात काही कमीपणा नाही.

पायरी ६. कोर्ट जामीन मागते तेव्हा

फ्लोरिडातल्या बाँडच्या सगळ्यांत जवळची आपल्याकडची गोष्ट ही. राज्य विद्युत मंडळाच्या औष्णिक वीज केंद्राच्या कामावरून झालेले रौनक इंटरनॅशनल प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर १९९८ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की ज्याच्या सांगण्यावरून कामाला स्थगिती मिळते त्याने तिच्या परिणामांची जबाबदारी घेतली पाहिजे. योग्य प्रकरणात त्याच्याकडून उशिरामुळे वाढणाऱ्या खर्चासाठी आणि समोरच्याच्या नुकसानीसाठी जामीन घ्यावा. किती, हे कोर्ट प्रकरण बघून ठरवते. ठरलेला टक्का नाही. म्हणून वकिलांना विचारायचा प्रश्न ‘बाँड किती?’ असा ठेवू नका. ‘स्थगिती मागितली आणि कोर्टाने जामीन सांगितला तर आपण किती आणि कोणत्या रूपात देऊ?’ असे विचारा. उत्तर तयार असेल तर त्याच तारखेला शपथपत्रावर सांगता येते, आणि तुमची याचिका मनापासून केलेली आहे हेही त्यातून दिसते.

स्थगिती मिळणे दिवसेंदिवस अवघड होत आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. २०१८ च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष अधिनियमात (मनाई हुकूम वगैरेंचे नियम असलेल्या दिवाणी कायद्यात) पायाभूत प्रकल्पांना खीळ बसेल अशा मनाई हुकुमांवर बंदी आली. त्यात रस्ते, वीज, पाणी, मलनिस्सारण अशी कामे येतात. २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने रिट याचिका ऐकणाऱ्या कोर्टांनाही याची जाणीव करून दिली, आणि चूक झालीच असेल तर काम थांबवण्यापेक्षा नुकसानभरपाईचा विचार करावा असे सुचवले. त्याआधी २०२१ मध्ये युफ्लेक्स प्रकरणात न्यायालयाने टेंडरच्या वादात हरणाऱ्याने समोरच्याचा खर्च सोसावा हे तत्त्व लावून प्रत्यक्ष खर्च बसवला. जनहित याचिकेच्या नावाखाली टेंडर अडवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तिथेही कोर्ट आधी रक्कम जमा करायला सांगू शकते, आणि स्वतः बोलीदार असून दुसऱ्याच्या नावाने याचिका केल्याचे दिसले तर प्रकरण तिथेच संपते.

याचिकेत एल-वनला प्रतिवादी करायला विसरू नका. त्याला न ऐकता त्याच्या विरोधात आदेश होत नाही. तुमची चाहूल लागली असेल तर त्याने कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा कोर्टातला आगाऊ अर्ज, टाकून ठेवलेले असेल. ते ९० दिवस चालते, त्यामुळे वकिलांनी आधी शोध घ्यावा आणि प्रत त्याला द्यावी. आणि उशीर करू नका. याचिकेला ठरावीक मुदत नसली तरी निर्णय कळल्यावर महिनाभर का थांबलात, हा प्रश्न खंडपीठ विचारतेच.

पायरी ७. वाद चालू असताना बोली जिवंत ठेवा

हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. बोलीची वैधता संपली आणि तुम्ही ती वाढवली नाही, तर कोर्टात जिंकूनही हातात काम येणार नाही, कारण खात्यासमोर तुमची बोलीच उरलेली नसते. खात्याने वैधता वाढवण्याचे पत्र पाठवले तर त्याला मुदतीत लेखी होकार द्या. पत्र आले नाही तरी स्वतःहून ‘वाद प्रलंबित असेपर्यंत आमची बोली आणि दर कायम आहेत’ असे कळवा. बँक गॅरंटीची मुदत संपण्याच्या किमान पंधरा दिवस आधी बँकेत जाऊन वाढवून घ्या आणि मूळ दुरुस्तीपत्र खात्यात जमा करा. बयाणा पोर्टलवरून आपोआप परत आला तर तो हक्क सोडल्याचा पुरावा ठरू नये म्हणून त्याच दिवशी पत्र द्या: रक्कम परत आली आहे, हरकत कायम आहे, मागितल्यास बयाणा पुन्हा भरू.

वाद संपला, तुमच्या विरुद्ध गेला, की पैसे मोकळे करायला लागा. केंद्राच्या टेंडरमध्ये अयशस्वी बोलीदाराचा बयाणा काम दिल्यानंतर ३० दिवसांच्या आत परत व्हावा असा नियम आहे. राज्याच्या कार्यालयात मात्र अर्ज घेऊन लेखा शाखेत जावे लागते. बँक गॅरंटीचा मूळ कागद आणि खात्याचे मुक्ततापत्र, दोन्ही घ्या. नुसती मुदत संपली म्हणून बँक मार्जिनची ठेव सोडत नाही, तिला मूळ कागद हवा असतो. कोर्टात जमा केलेली रक्कम असेल तर ती काढण्यासाठी वकिलांमार्फत वेगळा अर्ज करावा लागतो. तो अंतिम निकालाच्या दिवशीच तयार ठेवा, आणि निकालपत्रात त्या रकमेचा उल्लेख व्हावा अशी विनंती तिथेच उभे असताना करा.